पापणी उचलण्याआधी ती का पडली ते शोधा

ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला शिक्का दिला: ट्रॅकोमा आता इथे सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेली नाही. ट्रॅकोमा म्हणजे आपल्या जुन्या माणसांच्या खुपऱ्या. आग्नेय आशिया विभागात नेपाळ आणि म्यानमारनंतर हे साधणारा भारत तिसरा देश ठरला. बातमी आनंदाचीच. पण घरात म्हातारं माणूस असलेल्यांना ती वाचून प्रश्न पडला असेल की मग आमच्या आजीच्या डोळ्यात केस अजून का टोचतात? पंधरा-वीस दिवसांनी कुणाला तरी चिमटा घेऊन बसावं लागतं, ते का?

कारण जंतू गेला तरी वण जात नाही. लहानपणी वारंवार झालेल्या खुपऱ्यांनी पापणीच्या आतल्या बाजूला जे वण पडले, ते वर्षानुवर्षं आकसत जातात आणि पापणीची कड आत ओढतात. शिवाय खुपऱ्यांचा खरा मोठा भार उत्तर-पश्चिम भारतात होता. आपल्याकडे आज ज्यांच्या डोळ्यात केस टोचतात, त्यांतल्या अनेकांची पापणी नुसत्या वयानं ढिली होऊन आत वळलेली असते. दोन्हींवर शस्त्रक्रिया आहे. बहुतेक वेळा ती जागेपुरती भूल देऊन होते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. तरीही चिमटा सुटत नाही, कारण मराठवाड्यात डोळ्याचा दवाखाना म्हटलं की मोतीबिंदू आणि चष्मा एवढंच डोळ्यापुढे येतं. शिबिरात बॅटरी मारून मोतीबिंदू पाहिला जातो, यादीत नाव लागतं, गाडी येते. पापणीची यादी कुणी करत नाही.

पापण्या, अश्रूंचा मार्ग आणि डोळ्याभोवतीची खोबण यांचा एक स्वतंत्र तज्ज्ञ असतो. नेत्रतज्ज्ञ झाल्यावर याच कामाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्या या डॉक्टरला ऑक्युलोप्लास्टिक सर्जन म्हणतात. इथून पुढे त्यांना मी पापणीतज्ज्ञच म्हणेन.

मोट वर का येत नाही?

विहिरीवरची मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना पापणी समजायला वेळ लागत नाही. बैल नाडा ओढतात, नाड्याला बांधलेली मोट वर येते, आणि मागे हाकणारा उभा असतो. वरच्या पापणीचंही असंच आहे. ती उचलणारा स्नायू डोळ्याच्या खोबणीत मागून पुढे येतो, तो बैल. त्याचं पुढचं टोक पातळ, चिवट पडद्यासारखं होऊन पापणीला धरतं, तो नाडा. मेंदूतून निघणारी तिसरी नस त्या स्नायूला हुकूम देते, ती हाकणारा.

आता मोट वर येत नसेल तर बिघाड कुठे कुठे असू शकतो? बैल जन्मापासून दुबळे असतील. नाडा झिजून सैल झाला असेल. हाकणाऱ्याची हाळी पोचत नसेल. बैल निघत असतील, पण चार फेऱ्यांत दमत असतील. किंवा मोटेतच गाळ भरून ती जड झाली असेल. विहिरीत वाकून बघणाऱ्याला पाचही वेळा एकच दिसतं, की मोट खाली आहे. पण नाडा सैल असताना बैल बदलून काय उपयोग?

पापणी पडण्याला वैद्यकीय नाव टोसिस. तिच्याबद्दल एवढंच लक्षात राहिलं तरी बरंच झालं: टोसिस हे लक्षण आहे, आजार त्याच्या मागे असतो. म्हणून पहिल्याच भेटीत कुणी ‘ऑपरेशन करून टाकू’ म्हणालं, तर त्यांना आधी विचारावं, ‘डॉक्टरसाहेब, पडली कशामुळे?’

पाच कारणं, आणि त्यांची ओळख

साठीनंतर सगळ्यात जास्त दिसतो तो सैल नाडा. स्नायू ठणठणीत असतो, पण त्याचा पडदा ताणला जातो किंवा पापणीवरून सरकतो. पापणी हळूहळू, वर्षा-दोन वर्षांत खाली येते, पापणीवरची घडी वर सरकते, आणि माणूस नकळत कपाळाला आठ्या पाडून भुवया उचलू लागतो. संध्याकाळी कपाळ दुखतं त्याचं कारण हेच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही काहींची पापणी अशी उतरते. ‘मोतीबिंदू काढला आणि डोळा बारीक झाला’ ही तक्रार खोटी नसते. त्यातल्या बऱ्याच पापण्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप वर येतात, म्हणून डॉक्टर साधारण सहा महिने थांबायला सांगतात. वर्षानुवर्षं कडक कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचीही पापणी पडते, पण आपल्याकडे हे कमी.

जन्मतःच पडलेली पापणी हा दुबळ्या बैलाचा प्रकार. तिच्याबद्दल पुढे सविस्तर.

दमणारा बैल ओळखायची खूण म्हणजे घड्याळ. सकाळी पापणी ठीक, संध्याकाळी खाली. झोप झाली की पुन्हा वर. आज उजवी, पुढच्या महिन्यात डावी. सोबत कधी एकाचे दोन दिसणं. याला मायस्थेनिया म्हणतात. यात नस आणि स्नायू यांच्यातला निरोपच अडतो. पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला की ती थोडा वेळ वर येते, एवढी साधी पहिली चाचणी. यात आधी मेंदू व नसांच्या डॉक्टरकडे जायचं, गोळ्या घ्यायच्या, छातीचा स्कॅन करायचा. गोळ्यांनी सावरू शकणाऱ्या अशा पापणीवर घाईनं सुरी चालवणं हा नुसता अन्याय आहे.

जड मोट म्हणजे पापणीवरची वाढलेली कातडी, सूज किंवा गाठ. वयानं कातडी लोंबून पापणीच्या केसांवर येते आणि बाजूचं दिसेनासं होतं. इथे पापणी पडलेली नसते, तिच्यावर ओझं असतं. काही वेळा तर पापणी जागेवरच असते आणि भुवई खाली घसरलेली असते. भुवई बोटानं वर धरली आणि सगळं नीट दिसलं, तर पापणी कापून काय मिळणार?

राहिला हाकणारा. त्याच्यासाठी वेगळं उपशीर्षकच हवं.

एका रात्रीत पडली तर वाट बघू नका

पापणी अचानक पडली, सोबत डोकं जोरात दुखतंय, एकाचे दोन दिसतायत, किंवा त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी झाली आहे, तर तिसऱ्या नसेवर मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीचा दाब असू शकतो. ती फुटली तर जीव जातो. हे काम पापणीतज्ज्ञाचं नाही, थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागाचं. मधुमेहातही हीच नस अधू होते. त्यात बाहुली सहसा वाचते आणि पापणी बहुधा तीनेक महिन्यांत सुधारते. पण बाहुली वाचली आहे की नाही हे घरी बसून ठरवायचं नसतं.

पापणी थोडीशीच पडली आणि त्या बाजूची बाहुली बारीक झाली, तर मान किंवा छातीच्या वरच्या टोकाकडून जाणाऱ्या नसेत अडथळा असू शकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसात छातीचा फोटो काढल्याशिवाय हा विषय मिटत नाही.

आणि शेतकऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: मण्यार. पावसाळ्यात शेतात किंवा घरी जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो, डोळे उघडायला जड जातात, गिळता येत नाही. अंगावर दंशाची खूण सापडत नाही, कारण मण्यारीचे दात बारीक असतात आणि दुखतही फारसं नाही. दोन्ही पापण्या पडणं ही विष नसांवर चढत असल्याची पहिली खूण असू शकते. नागाच्या विषानंही पापण्या पडतात. इथे एकच रस्ता, १०८ ला फोन आणि सापाच्या विषावरची लस व कृत्रिम श्वासाची सोय असलेलं रुग्णालय. मांत्रिकाच्या ओट्यावर गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

आत वळलेली, बाहेर लोंबलेली, न मिटणारी

पडलेली पापणी दिसते तरी; वळलेली पापणी लोकांच्या लक्षातच येत नाही. खालची पापणी आत वळली की तिचे केस प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात. पाणी येतं, उजेड सहन होत नाही, शेवटी बुबुळावर जखम होऊन फूल पडतं, आणि मग नजर परत आणणं पापणी सरळ करण्याच्या कितीतरी पट अवघड होतं. केस उपटल्यानं काही आठवडे बरं वाटतं, पण नवा केस आखूड आणि टोकदार असतो आणि आणखी टोचतो. दोन-चारच केस वाकडे असतील तर मुळं जाळता येतात. पापणीच वळली असेल तर तिला ताणून बसवावं लागतं.

उलट प्रकारात खालची पापणी बाहेर लोंबते, आतला लाल भाग उघडा पडतो आणि गालावर सतत पाणी ओघळतं. मात्र पाणी येणाऱ्या प्रत्येक डोळ्याची पापणी दोषी नसते. नाकाच्या बाजूची अश्रुनळी तुंबली असेल तर तिथे दाबल्यावर पू येतो, आणि तिची शस्त्रक्रिया वेगळी. ती हेच तज्ज्ञ करतात.

न मिटणारी पापणी हा मोटेच्या हिशेबात न बसणारा प्रकार. डोळा मिटणारा स्नायू वेगळा आणि त्याची नसही वेगळी, सातवी. तोंड वाकडं होतं तेव्हा हीच नस बसलेली असते. कुष्ठरोगातही ती अधू होऊ शकते. अर्धा उघडा डोळा घेऊन उन्हाळ्यात आपल्याकडच्या फुफाट्यात हिंडायचं म्हणजे बुबुळ वाळलंच समजा. तोंड वाकडं झाल्याबरोबर, जमल्यास तीन दिवसांच्या आत डॉक्टर गाठावा; दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणी चिकटपट्टीनं मिटलेली. बहुतेकांची नस काही आठवड्यांत ते महिन्यांत सुधारते. ज्यांची सुधारत नाही त्यांच्या पापणीचे कोपरे शिवून डोळा अरुंद करता येतो, किंवा वरच्या पापणीत साधारण एक ग्रॅम सोन्याची बारीक पट्टी बसवता येते, म्हणजे ती आपल्या वजनानंच मिटते. आजच्या भावात हा दागिना कुणी दाखवूनही मिरवू शकत नाही, पण डोळा वाचवतो.

‘रांजणवाडीच आहे, जाईल’

बहुतेक वेळा जातेच. दिवसातून चार वेळा पाच-दहा मिनिटं स्वच्छ कापडानं कोमट शेक, हलक्या हातानं मसाज, एवढं पुरतं. लवंग उगाळून लावणं, अंगठी तळहातावर घासून टेकवणं यातला उपयोगाचा भाग फक्त ऊब. लवंग डोळ्यात गेली तर वेगळंच दुखणं मागे लागतं. पिळायची मात्र कधीच नाही.

पण पन्नाशीपुढच्या माणसाला त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तिथले केस झडत असतील, पापणीची कड जाड व पिवळसर होत असेल, किंवा एकाच डोळ्याची लाली महिनोन्‌महिने हटत नसेल, तर तुकडा तपासणीला पाठवणं टाळू नये. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग हुबेहूब साध्या गाठीचं सोंग घेतो. पाश्चात्त्य देशांत तो क्वचित दिसतो, भारतात मात्र पापणीच्या कर्करोगांत त्याचा वाटा मोठा आहे. म्हणून काढलेली गाठ कचऱ्यात जात नाही ना, हे नातेवाइकांनी विचारायलाच हवं. लवकर सापडला तर भोवतीची थोडी निरोगी कड घेऊन गाठ काढता येते आणि पापणी पुन्हा घडवता येते. उशीर झाला तर डोळाही द्यावा लागू शकतो.

डोळा फडफडतो म्हणून मात्र कुणी धावू नये. जागरण आणि चहा कमी केला की तो थांबतो. उजवा की डावा यानं काही बिघडत नाही. दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटतात आणि रस्ता ओलांडता येत नाही, हा प्रकार वेगळा. त्याला दर तीन-चार महिन्यांनी बोटॉक्सचं इंजेक्शन देतात. सुरकुत्यांसाठी गाजलेलं हे औषध अमेरिकेत १९८९ मध्ये मंजूर झालं ते याच आजारासाठी आणि तिरळेपणासाठी.

‘लेकरू लहान आहे, मोठं झाल्यावर करू’

थांबता येतं का, हे पापणी बाहुलीला झाकते की नाही यावर ठरतं. पहिल्या काही वर्षांत मेंदू बघायला शिकत असतो. झाकलेल्या डोळ्याचं चित्र मेंदूपर्यंत पोचलं नाही, तर तो त्या डोळ्याचा नाद सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. पुढे विसाव्या वर्षी, लग्न ठरायच्या वेळी, पापणी उचलली तर चेहरा छान दिसतो, पण नजर येत नाही. म्हणून बाहुली झाकली असेल तर वर्षाच्या आतही शस्त्रक्रिया करावी लागते. झाकलेली नसेल तर साधारण तीन ते पाच वर्षांपर्यंत थांबता येतं, पण दर काही महिन्यांनी नजर आणि चष्म्याचा नंबर तपासून. मूल हनुवटी वर करून बघत असेल तर ती सवय नाही, खालच्या फटीतून बघायची धडपड आहे. अंगणवाडीत किंवा शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना हे आवर्जून दाखवावं. ते पुढे पाठवण्याची चिठ्ठी देऊ शकतात.

जायचं कुणाकडे, न्यायचं काय?

पहिली भेट जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडेच. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, जालन्याचं गणपती नेत्रालय, उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय, अशी ठिकाणं आहेत. जाण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा: पापणीचं काम करणारे डॉक्टर कोणत्या वारी बसतात? नाहीतर परभणीहून पहाटेच्या गाडीनं जायचं आणि ‘ते गुरुवारी येतात’ ऐकून परतायचं. अवघड शस्त्रक्रियेसाठी नांदेड-हिंगोलीकडची माणसं हैदराबाद गाठतात, धाराशिवची सोलापूर-पुणे. प्लास्टिक सर्जनही पापणीचं काम करतात आणि त्यातले काही उत्तम करतात. पण नजर, बुबुळ आणि कोरडेपणा तपासून घेतल्याशिवाय टेबलावर जाऊ नये, मग सर्जन कोणीही असो.

सोबत जुने फोटो न्या. लग्नाचा अल्बम, आधार कार्ड, काहीही. पापणी कधीपासून पडली हे आपल्या आठवणीपेक्षा फोटो चांगलं सांगतो. चालू गोळ्यांची पाकिटं न्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या शस्त्रक्रियेआधी बंद करायच्या का, हे ज्यांनी सुरू केल्या त्या हृदयाच्या डॉक्टरनं सांगायचं. आपल्या मनानं बंद केलेली गोळी पापणीपेक्षा महागात पडते.

तपासणीत डॉक्टर साधी मोजपट्टी वापरतात. समोर बघताना बाहुलीच्या मध्यापासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंत साधारण ४ ते ५ मिलिमीटर अंतर हवं. मग अंगठ्यानं भुवई दाबून धरतात, खाली आणि वर बघायला सांगतात, आणि पापणी किती सरकते ते मोजतात. धडधाकट स्नायू ती १२ ते १५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उचलतो. शस्त्रक्रिया कोणती, हे मुख्यतः या आकड्यावर ठरतं.

शस्त्रक्रियेत नेमकं काय करतात?

स्नायू चांगला आणि नाडा सैल, तर नाडा आवळून पापणीला पुन्हा टाचतात. छेद पापणीच्या घडीत, म्हणून वण दिसत नाही. मोठ्या माणसांत जागेपुरती भूल देतात आणि मधेच उठवून बसवतात, दोन्ही डोळ्यांची उंची जुळवायला. घाबरायचं कारण नाही. स्नायू मध्यम असेल तर त्याचा तुकडा काढून तो आखूड करतात. पापणी थोडीच पडली असेल तर आतल्या बाजूनं, कातडीला हात न लावताही काम होतं. पापणी ४ मिलिमीटरसुद्धा सरकत नसेल तर हे बैल कामाचे नाहीत. मग नाडा दुसऱ्या बैलांना, म्हणजे कपाळाच्या स्नायूला बांधतात. त्यासाठी सिलिकॉनची दोरी किंवा मांडीतल्या पडद्याची पट्टी वापरतात. नंतर झोपेत डोळा किंचित उघडा राहतो. लेकराच्या आईला हे आधी सांगितलेलं नसेल तर पहिल्या रात्री ती घाबरून जाते. रात्रीचं मलम चुकवायचं नाही.

ओझं कातडीचं असेल तर ती मोजून काढतात. इथे हावरेपणा नको: जास्त काढली तर डोळा मिटत नाही, आणि काढलेली कातडी परत लावणं कठीण.

‘हे तर दिसण्यासाठी, विमा देणार नाही’

नजर अडत असेल तर हा दिसण्याचा नाही, बघण्याचा प्रश्न आहे. बाजूची नजर किती झाकली जाते याची चाचणी आणि फोटो कागदोपत्री असले तर विमा कंपनीपुढे बाजू मांडता येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या यादीपुरतं. आपली शस्त्रक्रिया त्या यादीत बसते का, हे रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावं. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. फक्त दिसण्यासाठी करायची असेल तर खर्च स्वतःचा. त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

‘वय झालं, आता कशाला? आणि डोळा गेला तर?’

पंच्याहत्तरीच्या माणसाला समोरची पायरी दिसली नाही तर तो पडतो, खुबा मोडतो. वय हे पापणी उचलण्याच्या विरोधातलं कारण नाही, उलट बाजूचं आहे. साखर आणि रक्तदाब आटोक्यात हवा, एवढी अट.

धोके आहेत आणि ते आधी ऐकून घ्यावेत. पापणी कमी किंवा जास्त उचलली जाऊ शकते, आणि काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. डोळा कोरडा पडू शकतो. एक बाजू उचलल्यावर दुसरी बाजू खाली आल्यासारखी दिसते, कारण दोन्ही पापण्यांना मेंदू एकच हुकूम देतो. पडलेलीसाठी दिलेला जादा जोर बंद झाला की दुसरीही उतरते. चांगला डॉक्टर हे आधीच एक पापणी बोटानं उचलून दाखवतो. डोळ्याच्या मागे रक्त साठून नजर जाणं अगदी क्वचित घडतं, पण घडलं तर तास मोजके असतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या रात्री डोळा टणक होऊन ठणकू लागला किंवा दिसणं कमी झालं, तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. तो नंबर घरी निघण्याआधी मागून घ्या, आणि पहिली रात्र शक्यतो रुग्णालयाच्या गावातच नातेवाइकाकडे काढा. सूज आणि काळंनिळं दहा-पंधरा दिवसांत उतरतं. टाके पाच ते सात दिवसांनी काढतात. तोवर चुलीचा धूर, मळणीचा भुसा आणि दुचाकीवरची धूळ टाळायची.